एकशे एकतीस दाते

तिसऱ्यांदा चाकाचे दाते मोजले. पहिल्या दात्यावर खडूची खूण केली होती. तिथून अंगठा सरकवत निघालो आणि खुणेपाशी परत पोचलो तेव्हा तोंडात आकडा होता एकशे सत्तावीस.

"किती भरलं, सायब?" महिपती मिस्त्रींनी विचारले. ते हात पुसत माझ्या टेबलासमोर उभे होते.

"एकशे सत्तावीस."

"मग त्वांड का असं? एक कमी पडला आसता तर बरं वाटलं आसतं व्हय?"

मी हसलो, पण खरे सांगायचे तर बरेच वाटले असते. एक दाता कमी पडला असता तर माणूस चुकला असे म्हणून मी शांत झोपलो असतो. दाते बरोबर भरले होते, म्हणूनच माझ्या डोक्यात किडा वळवळत होता. ते चाक आमच्या कारखान्यात होणे शक्यच नव्हते.

ही गोष्ट शहाऐंशी सालची, कोल्हापूरच्या उद्यमनगरातली. मी चोवीस वर्षांचा होतो, डिप्लोमा करून अंबपकर मालकांच्या गिअरच्या कारखान्यात तपासनीस म्हणून लागलो होतो. ड्रॉइंगही मीच काढायचो. स्वभावाने मी पहिल्यापासून संशयी. हॉटेलात चहा आला की आधी कपाचा काठ बघणार, कुणी उगीच गोड बोलले की याला काय हवे असेल याचा विचार करणार. आई म्हणायची, तुला देवाने चुकून माणूस केला, पोलिसांच्या कुत्र्यात जन्म द्यायचा होता. तपासनिसाची नोकरी मिळाली तेव्हा मला वाटले, चला, दोषाचा पगार झाला.

आमचा माल म्हणजे लेथची बदली चाके. जुन्या विलायती लेथ इंचाच्या मापाच्या. त्यांच्यावर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर एकशे सत्तावीस दात्यांचे चाक लागतेच. पाच इंच म्हणजे बरोबर एकशे सत्तावीस मिलिमीटर, आणि तो आकडा कशानेच भागला जात नाही, म्हणून त्याच्याऐवजी दोन लहान चाके जोडून चालवून घेता येत नाही. आमच्या या एका चाकाला सांगली-सोलापूरपर्यंत मागणी होती.

ते कापायचे महिपती मिस्त्री. वय साठीच्या आसपास, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, शाळा दुसरीपर्यंत. मिलिंग मशीनवर दाते एकेक करून कापतात. एक दाता कापला की चाक नेमके तेवढेच फिरवून पुढच्या दात्यापाशी आणायचे. ते फिरवायला डिव्हायडिंग हेड असते. त्याचा दांडा चाळीस वेळा फिरवला की चाकाचा एक फेरा होतो. वीस दाते हवेत तर दर दात्याला दांड्याचे दोन फेरे, काम सोपे. सदतीस हवेत तर दांड्यामागे भोके पाडलेली पोलादी प्लेट असते, तिच्यातले सदतीस भोकांचे रिंगण धरायचे आणि एक फेरा पुरा करून वर तीन भोके जायचे. एकशे वीस हवेत तर दर दात्याला फेऱ्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे एकोणचाळीसच्या रिंगणात तेरा भोके.

आमच्याकडे अशा तीन प्लेटा होत्या आणि सगळ्यांत मोठे रिंगण होते एकोणपन्नास भोकांचे. एकशे सत्तावीस ही मूळ संख्या. तिला लहान तुकड्यांत फोडायची सोय नाही, आणि एकशे सत्तावीस भोकांचे रिंगण कुठल्याच प्लेटवर नाही. कागदावर मी दहादा मांडून बघितले. आमच्या हेडवर ते चाक होत नव्हते. तरी दर महिन्याला आठ-दहा चाके माझ्या टेबलावर येत होती, आणि दाते केसभरही इकडेतिकडे नसत.

मिस्त्रींना विचारले की ते म्हणायचे, "हेकट आकडा हाय सायब. हेकटाला गोंजारून घ्यावं लागतंय."

जो आकडा फुटत नाही त्याला ते हेकट म्हणायचे. आणि हेकट आकड्याच्या दिवशी ते मशीनभोवती गोणपाटाचा पडदा लावायचे. हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होते. जेवणाची सुट्टी झाली, माणसे डबे घेऊन बाहेर लिंबाखाली गेली की मिस्त्री पडद्याआड. तिथे कुणी डोकवायचे नाही, असा रिवाजच पडला होता. मी एकदा डोकावलो तर त्यांनी मशीन थांबवले, वर बघितले आणि विचारले, "सायब, काय पायजे?" मी म्हणालो, काही नाही. ते म्हणाले, "मग जेवून घ्या." मी निघेपर्यंत त्यांनी मशीन चालू केले नाही.

आणखी एक. संध्याकाळी जाताना त्यांच्या सायकलच्या हँडलला कापडी पिशवी असायची. डबा वेगळा, पिशवी वेगळी. पिशवीत काहीतरी चपटे आणि गोल, भाकरीच्या ताटाएवढे.

मालकांना यातले काहीच खटकत नव्हते. त्यांना चाक कसे झाले ते नको असायचे, कधी झाले ते हवे असायचे. पण त्या जूनमध्ये त्यांनी मला केबिनमध्ये बोलावले आणि दार लावून घेतले.

"रणदिवे, हे बघ." त्यांनी टेबलावर एक चाक ठेवले. "आपलं आहे का?"

मी उलटेपालटे करून बघितले. माप आपले, भोक आपले, खाचही आपलीच. कडेला शिक्का मात्र पलीकडच्या गल्लीतल्या हुक्केरीकरांचा.

"तीन महिन्यांत आपली चौदा चाकं त्यांच्याकडं आली," मालक म्हणाले. "एकेक माप जसंच्या तसं. ड्रॉइंग बाहेर जातंय. कोण नेतंय ते बघ. बोलू नको कुणाला."

मला बघायची गरजच वाटली नाही. माझे गणित त्या क्षणी सुटले होते. हुक्केरीकरांनी गेल्या वर्षी हॉबिंग मशीन आणले होते. त्या मशीनला आकडा हेकट असो की गरीब, काही फरक पडत नाही, कितीही दाते कापते. म्हणजे मिस्त्री आमच्या कोऱ्या चकत्या पिशवीतून हुक्केरीकरांकडे नेत होते, तिथे दाते पाडून आणत होते, पडद्याआड नुसते मशीन फिरवत होते. आणि याची परतफेड काय, तर आमची ड्रॉइंगे. सगळे जिथल्या तिथे बसत होते.

मालकांना मी हे सांगितले तेव्हा ते खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेले.

"महिपती? माझ्या वडलांच्या वेळचा माणूस तो."

"म्हणूनच त्यांच्यावर कुणी नजर ठेवली नाही."

"पुरावा दे," मालक म्हणाले. "पुरावा दिलास तर एक दिवस ठेवणार नाही त्याला."

पुरावा गोळा करायचा तर सापळा हवा. एकशे सत्तावीसची चाके त्यांनी आधीच तिकडून आणून ठेवली असतील, म्हणून मी ठरवले की त्यांना नवा आकडा द्यायचा, असा की जो कशानेच फुटत नाही आणि आमच्या हेडवर होणे नाही. एकशे अठ्ठावीस म्हणजे नुसते दुणे. एकशे एकोणतीस त्रेचाळीस त्रिक. एकशे तीस तर दहाने फुटतो. एकशे एकतीस घेतला. दोनाने जात नाही, तीनने नाही, पाचाने नाही. साताने पाच उरतात, अकराने दहा. तेरा तेरा एकशे एकोणसत्तर, म्हणजे पुढे बघायलाच नको. पक्का हेकट. शिवाय जगात कुठल्या लेथला एकशे एकतीसचे चाक लागते असे मी ऐकलेले नव्हते, त्यामुळे तो आकडा दुसरीकडे कुठे उगवला तर तो इथूनच गेला हे उघड होणार होते.

सापळा कागदोपत्री खरा वाटावा म्हणून मी रीतसर ड्रॉइंग काढले. मधल्या भोकाचे माप सुचेल ते टाकले, अठ्ठावीस मिलिमीटर. नेहमीप्रमाणे ट्रेसिंग, म्हणजे पारदर्शक कागदावरचे मूळ ड्रॉइंग, प्रती काढायला नेर्लेकरांच्या अमोनिया प्रिंटच्या दुकानात टाकली, समोरच्या हॉटेलात चहा घेतला, तासाभराने ट्रेसिंग आणि दोन प्रती घेऊन आलो. एक मालकांच्या टेबलावर गेली, एक ट्रेसिंगसकट माझ्या ड्रॉवरमध्ये कुलपात राहिली.

मंगळवारी सकाळी मिस्त्रींकडे गेलो. कोरी चकती मी भंगारातून उचलली होती, तिचे भोक पंचवीसचे होते, पण मला काय त्याचे. मिस्त्री कधी ड्रॉइंग मागत नसत. किती दात, एवढेच विचारायचे.

"किती दात?"

"एकशे एकतीस."

त्यांचा हात थांबला. "एकशे किती?"

"एकतीस."

"कुनाला पायजे?"

"ऑर्डर आलीय एक. शनिवारपर्यंत हवं."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितले. मग खालचा खण ओढून वायसरांचा, म्हणजे वॉशरांचा, डबा काढला आणि टेबलावर ओतला. मोजून एकशे एकतीस वायसर बाजूला घेतले आणि रांगा लावायला सुरुवात केली. दोन-दोनच्या, एक उरला. तीन-तीनच्या, दोन उरले. पाच-पाचच्या. मग सातच्या, मग अकराच्या. दर वेळी उरलेले वायसर बोटाने बाजूला सारायचे, त्यांच्याकडे बघायचे आणि पुन्हा सगळे एकत्र करायचे. अकराच्या अकरा रांगा लागल्या, दहा उरले. तिथे ते थांबले.

"तेराच्या लावून बघायच्या नाहीत?" मी विचारले.

"तेराच्या तेरा रांगा लागाय एवढं वायसर हायती कुटं? अन् तेरापक्षा कमी रांगा लागायच्या आसत्या तर त्या अदुगरच नस्त्या लागल्या?"

मला हे डिप्लोमाच्या वर्गात वर्गमूळ काढून शिकवले होते. त्या क्षणी मला कौतुक वाटायला हवे होते. मला वाटले, म्हातारा वेळ काढतोय.

"हेकट हाय," मिस्त्रींनी वायसर डब्यात भरले. "शनवारपतूर चार दीस. घाई हुईल, पर बघू."

चार दिवस मी त्यांच्यावरची नजर हलवली नाही. मंगळवारी संध्याकाळी पिशवी सायकलला होती. बुधवारी सकाळी पिशवी परत आली. डोळे लाल, झोप न झाल्यासारखे. दुपारी पडदा. गुरुवारी पुन्हा तेच. शुक्रवारी संध्याकाळी मी सायकल घेऊन त्यांच्या मागे गेलो. हुक्केरीकरांच्या गल्लीच्या तोंडाशी ते उतरले.  ते पानाच्या टपरीवर थांबले, तंबाखूची पुडी घेतली आणि सायकल हातात धरून सरळ पुढे गेले, गल्लीत वळलेच नाहीत. मी मनाशी म्हणालो, मला बघितले असणार. हुशार आहे.

शनिवारी चार वाजता एकशे एकतीस दात्यांचे चाक माझ्या टेबलावर होते.

मिस्त्री समोर उभे राहिले. मी ते मोजावे म्हणून थांबले असणार. मी खडू हातात घेतलाच नाही. चाक झाले होते, हाच माझा पुरावा होता. आमच्या हेडवर न होणारी गोष्ट चार दिवसांत झाली होती.

"मोजत न्हाई?" त्यांनी विचारले.

"नंतर बघतो."

ते जरा वेळ थांबले आणि गेले. मी मालकांना उठवून गेटपाशी घेऊन गेलो.

पाचचा भोंगा झाला. माणसे निघाली. मिस्त्री शेवटी आले, सायकल ढकलत. हँडलला पिशवी.

"मिस्त्री," मी म्हणालो, "पिशवी दाखवा."

"का?"

"दाखवा म्हणतोय ना."

निघालेली पाच-सहा माणसे तिथेच थांबली. मिस्त्रींनी मालकांकडे बघितले. मालक दुसरीकडे बघत होते. मग मिस्त्रींनी पिशवी सोडली आणि वॉचमनच्या स्टुलावर ठेवली. मी आत हात घातला.

निघाल्या त्या दोन लोखंडी प्लेटा. ताटाएवढ्या, तेलाने पुसलेल्या. कडेने गोल भोकांचे एकच रिंगण, इतके सुबक की बोट फिरवले तर खरखर लागत नव्हती. एकीच्या मध्यावर दाभणाने १२७ कोरलेले, दुसरीच्या मध्यावर १३१. त्यांच्याखाली शिंप्याची मापाची टेप, गुंडाळी केलेली.

मी ड्रॉइंग शोधत पिशवी उलटी केली. बाकी काही नव्हते.

"हे काय आहे?" मालकांनी विचारले.

मिस्त्रींनी सांगितले, अगदी हळू आवाजात, कारण आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते. बायको ब्लाउज शिवते. तिच्या टेपवर एका अंगाला इंच, दुसऱ्या अंगाला सेंटीमीटर. एकदा सहज बघताना दिसले, इकडे पन्नास इंच तिथे तिकडे एकशे सत्तावीस. मग घरी लाकडाचे चाक केले, टेपची सेंटीमीटरची एकशे सत्तावीस घरे बरोबर एक वेढा होईपर्यंत घासले. दर घराला खूण. खुणांवरून पत्र्याची प्लेट, हाताच्या गिरमिटाने भोके. ती ओबडधोबड. पण प्लेटवर जी चूक असेल तिचा चाळिसावाच हिस्सा कामावर उतरतो, कारण दांडा चाळीस फेरे घेतो. म्हणून त्या पत्र्यावरून कारखान्यात लोखंडाची दुसरी प्लेट पाडायची आणि पत्रा टाकून द्यायचा. एकशे एकतीसला लाकडाचे चाक लहान पडले, म्हणून त्याच्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवून ते वाढवले. चार दिवस बायकोचे शिवण अडून राहिले.

"अन् टेप ताणली तर?" मालकांच्या तोंडून निघाले.

"ताणली तर सगळीच सारकी ताणतीया, मालक. आपल्याला लांबी नगं हाय, वाटं सारकं पायजेत."

 माझे कान तापले होते. पण खरे सांगतो, अजूनही मी मनात म्हणत होतो, ड्रॉइंग कुठेतरी असेल, आज नाही सापडले.

मालकांनी एकशे सत्तावीसची प्लेट उचलून उजेडाकडे धरली. भोकांतून त्यांच्या सदऱ्यावर ठिपके पडले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हिशेब होता, आणि तो मला रागापेक्षा वाईट दिसला.

"कुठल्या मशीनवर पाडली ही?"

"आपल्याच."

"लोखंड?"

"भंगारातलं. आपल्याच."

"मग प्लेट कुणाची, महिपती?"

 इतकी वर्षे गोणपाटाचा पडदा कशासाठी होता ते मला तेव्हा कळले. प्लेट मशीनवर राहिली असती तर तो दांडा कुणीही फिरवला असता. दर दात्याला चाळीस भोके पुढे, एवढेच तर काम. साठीच्या, चष्म्याला दोरा बांधलेल्या माणसाची नोकरी त्या एका प्लेटवर उभी होती, आणि मी ती त्याच्या हातून काढून मालकांच्या हातात दिली होती.

"टेप तेवढी द्या," मिस्त्री म्हणाले. "बायकूची हाय."

मी टेप दिली. ती पिशवीत घालून ते सायकलवर बसून गेले.

सोमवारी प्लेट हेडवर बसली. पडदा वॉचमनने पाय पुसायला घेतला. दुसऱ्या पाळीतल्या एका ऑपरेटरने पहिल्याच दिवशी एकशे सत्तावीसची दोन चाके काढली. पंधरा दिवसांनी मालकांनी मिस्त्रींना सांगितले की आता वय झाले, डोळ्यांना ताण नको, घरी आराम करा. सत्काराला नारळ आणि टॉवेल दिला. मी टाळ्या वाजवल्या.

ऑगस्टात मी हुक्केरीकरांचा नवा भावाचा कागद बघितला. हार्डवेअरच्या दुकानात काउंटरच्या काचेखाली लावलेला होता. बदली चाकांची यादी, आमच्याच क्रमाने. शेवटची ओळ वाचली आणि पुन्हा वाचली. दाते एकशे एकतीस, भोक अठ्ठावीस.

मी काउंटरवर हात टेकून उभा राहिलो. पहिला विचार आला तो हाच, की बघा, म्हातारा चोर निघालाच शेवटी. मग दुसऱ्या क्षणी ते अठ्ठावीस डोळ्यांत घुसले. मिस्त्रींना मी दिलेल्या चकतीचे भोक पंचवीसचे होते. अठ्ठावीस फक्त ड्रॉइंगवर होते, आणि ते ड्रॉइंग मिस्त्रींनी कधी बघितलेही नव्हते. दोन प्रती, एक मालकांकडे, एक माझ्या कुलूपबंद ड्रॉवरमध्ये. त्याआधी एक तास ट्रेसिंग नेर्लेकरांच्या दुकानात होती. मी समोर चहा पीत होतो. गेले वर्षभर दर आठवड्याला एक तास मी समोर चहा पीत होतो, कपाचा काठ नीट बघून.

दोनाऐवजी तीन प्रती काढणाऱ्याच्या हातात मीच सगळा कारखाना नेऊन देत होतो.

मालकांना त्याच दिवशी सांगितले. नोकरी जाईल असे वाटले होते. त्यांनी नेर्लेकरांना शिव्या दिल्या आणि मला म्हणाले, "तू काय मुद्दाम केलंस होय? पुढं प्रिंट काढताना समोर उभा राहत जा."

"आणि मिस्त्री?"

"काय मिस्त्री?"

"त्यांना परत बोलवायला पाहिजे."

"कशाला?" मालक म्हणाले. "प्लेट आहे की."

रविवारी मी मिस्त्रींच्या घरी गेलो. पाचगावच्या रस्त्याला पत्र्याचे दोन खोल्यांचे घर. दारातच त्यांची बायको शेवंताकाकू मशीनवर बसल्या होत्या, गळ्यात ती टेप. मी नाव सांगितले. त्यांनी पाय थांबवला, माझ्याकडे एकदा बघितले आणि पुन्हा मशीन चालू केले.

मिस्त्री आत बाजेवर होते. भिंतीला ते लाकडी चाक टेकवलेले, त्याच्या कडेला पुठ्ठ्याच्या पट्ट्या अजून तशाच.

"ये," ते म्हणाले. कारखान्यात मी सायब होतो, तुम्ही होतो. इथे त्यांनी मला पहिल्यांदा तू म्हटले. "बस. च्या घेनार?"

मी बसलो. सगळे पाठ करून आलो होतो. ड्रॉइंग माझ्यामुळे बाहेर गेले, मी तुमच्यावर आळ घेतला, माफ करा. पण मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी विचारले, "ते एकशे एकतीसचं चाक चालतंय का कुटं?"

काकूंचे मशीन थांबले.

"चालतंय की," मी म्हणालो. तोंडातून तेच निघाले. "झकास चालतंय."

"कुटं?"

"जयसिंगपूरला. एका... एका लेथवर."

मिस्त्री हसले. रागाने नाही, पण फार वेळ हसले नाहीत.

"लेकरा, चाळीस वरसं चाकं कापल्यात म्या. एकशे एकतीस कुनाला लागत न्हाई. वायसर मांडतानाच कळलं मला."

 "मग केलंत कशाला?"

"मला वाटलं, सायब बघत्यात, म्हाताऱ्याला अजून जमतंय का." ते दोरा बांधलेली काडी चाचपत राहिले. "डोळं कमी झालं हुतं, तुला कळलं आसंल आसं वाटलं. म्हनलं दावूया करून. चार दीस ही बी बसली माझ्यासंगं, टेप धरून. चोर म्हनून बघतुयास, ते गेटवर कळलं."

मला रडू आले आणि मी ते लपवले नाही. पाठ केलेले सगळे तसेच, तोडक्यामोडक्या शब्दांत सांगितले. नेर्लेकर, अठ्ठावीसचे भोक, समोरचा चहा. मिस्त्री ऐकत होते की नाही कळत नव्हते. काकूंनी चहा आणून ठेवला, माझ्या हातात दिला नाही, जमिनीवर ठेवला. मी कपाचा काठ न बघता प्यायलो.

निघताना दारात मिस्त्रींनी हाक मारली.

"दात मोजलंस का त्येचं?"

"नाही," मी म्हणालो.

"मोज."

ते चाक अजून माझ्याकडे आहे. आता माझा स्वतःचा छोटा कारखाना आहे, टेबलावर ते असते, येणारा विचारतो हे कशाचे, मी काहीतरी सांगतो. त्या रविवारी परत येताना मी कारखान्यात गेलो, वॉचमनला कुलूप उघडायला लावले, चाक शोधून काढले. पहिल्या दात्यावर खडूने खूण केली आणि अंगठा सरकवत निघालो. तीनदा मोजले. तिन्ही वेळा एकशे एकतीस भरले, आणि दोन दात्यांमधले अंतर कुठेही जास्त नव्हते, कुठेही कमी नव्हते. हे त्यांना जाऊन सांगायचे धाडस मात्र मला झाले नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.